कुंकवाखालचा चौकोन

सरकी आणि कपाशीचं बी यांत डोळ्याला दिसेल असा काही फरक नसतो. दोन्ही कापसातूनच निघतात. एक म्हशीच्या घमेल्यात जाते, दुसरं रंगीत पिशवीत बसून पुढच्या मृगाला कोणाच्या तरी रानात जातं. कोणी कुठं जायचं ते कागद ठरवतो.

तो कागद गिरिधरराव अठ्ठावीस वर्षं सांभाळत होते. जालन्यातली ही बियाण्याची कंपनी फार मोठी नव्हती आणि फार लहानही नव्हती. म्हणजे मालक रामराव सगळ्या कामगारांना ओळखत, पण ओळख दाखवत नसत. गिरिधररावांकडे उत्पादन विभाग होता. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत जे शेतकरी कंपनीसाठी संकरित कपाशीचं बी पिकवत, त्यांचे करार, त्यांच्या प्लॉटची हंगामात चार वेळा तपासणी, आणि शेवटी माल बी म्हणून घ्यायचा की नाही, हे सगळं त्यांच्या सहीनं होई. सुपरवायझर रानात जात आणि डायरी लिहीत. निदान डायरी लिहीत, एवढं नक्की. एकदा एका डायरीत एकोणतीस, तीस आणि एकतीस सप्टेंबर अशा तीन दिवसांची तपासणी होती. तिच्यावरही गिरिधररावांची सही होती.

दोन हजार नऊ साली रामराव हैदराबादचं एक प्रदर्शन बघून आले आणि त्यांनी डायऱ्या बंद केल्या.

त्याऐवजी अरुंधती आली. ही पुण्याला शिकून परत आलेली जालन्याचीच मुलगी. वडील कोर्टात होते, म्हणजे नोकरीला. तिनं इंटरनेटवरची एक सेवा शोधून काढली होती, आणि तीही फुकट. त्या साईटवर जायचं, प्लॉटचा नंबर टाकायचा, की साईट एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन तयार करून देई. तो छापून रानात लावायचा. कॅमेऱ्याचा मोबाईल त्याच्यासमोर धरला की त्या प्लॉटचं पान मोबाईलवर उघडे: उत्पादक कोण, पेरणी कधी, तपासणी कधी. पान हवं तेव्हा ऑफिसात बसून बदलता येई. रानातला चौकोन तोच राही. फक्त एक गोष्ट कोणालाच बदलता येत नसे. चौकोन किती तारखेला, किती वाजता वाचला गेला, ते साईट स्वतः लिहून ठेवी.

रामरावांना जे आवडलं ते हेच.

"आता कोणी हॉटेलात बसून तपासणी करून दाखवावी," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "चार तपासण्यांपैकी तीन वाचल्या गेल्या नाहीत तर प्लॉट रद्द. आपोआप. माणसानं मधे पडायचं कारण नाही."

गिरिधरराव माणूस होते. ते मधे पडले नाहीत. सुपरवायझर लोकांना कॅमेऱ्याचे मोबाईल मिळाले, आणि त्या आनंदात पेट्रोलचा भत्ता अर्धा झालेला पहिले दोन महिने कोणाच्या लक्षात आला नाही.

जुलैच्या शेवटी अरुंधती स्वतः चौकोन लावत गावोगाव फिरली. त्या फेरीत ती केदारखेड्याला नंदाबाईच्या रानात पोचली.

नंदाबाई अकरा वर्षं कंपनीसाठी बी पिकवत होती, पण कंपनीला ते माहीत नव्हतं. कंपनीच्या रजिस्टरात तिच्या नवऱ्याचं, कारभारीचं नाव होतं. कारभारी भोकरदन-जालना रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवे. रानात क्रॉसिंग करायची ती नंदाबाई आणि तिच्या बरोबरच्या बाया. क्रॉसिंग म्हणजे संध्याकाळी मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी शोधायची, नखानं तिच्यातले नर केसर काढायचे, देठाला लाल दोरा बांधायचा आणि सकाळी नर ओळीतलं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एका झाडाला दिवसाला चार-पाच कळ्या. एकरात किती झाडं असतात ते ज्यानं मोजायचं त्यानं मोजावं. बाया मोजत नाहीत, खाली वाकतात.

आदल्या वर्षी घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा कारभारीनं एक एकर बायकोच्या नावावर केलं. हे त्यानं प्रेमापोटी केलं असं केदारखेड्यात कोणी म्हणत नाही. बायकांच्या नावावर जमीन असली की कसलीशी योजना मिळते असं त्याला एका प्रवाशानं सांगितलं होतं. योजना मिळाली नाही, प्रवासीही पुन्हा भेटला नाही, पण एकर नावावर राहिलं. नंदाबाईनं जालन्याला येऊन नवा करार स्वतःच्या नावानं केला. बचत गटात सही शिकली होती, ती तिनं तिथं पहिल्यांदा कामाला लावली.

अरुंधतीनं बांधावर लोखंडी खांब रोवून घेतला आणि पाटीवर चौकोन लावला. वितीएवढा. मोबाईल समोर धरला. रेंज एकच कांडी होती. पान अर्धं उघडलं, हिरवी खूण आली. त्या दिवशी अजून सतरा प्लॉट राहिले होते. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

"ह्याच्यात काय हाय, ताई?" नंदाबाईनं विचारलं.

"ह्याच्यात सगळं आहे. तुमचं नाव आहे, प्लॉट नंबर आहे. हे बघा, आमचा माणूस आला की ह्याच्यापुढं मोबाईल धरेल, की लगेच तुमचं नाव येईल."

"माझं नाव?"

"तुमचंच."

"हे सगळे ठिपके माझ्या नावाचे?"

"सगळे," अरुंधती म्हणाली. ती हसून म्हणाली, पण आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नव्हतं.

नंदाबाईनं पाटीला हात लावून बघितला. आजवर तिचं नाव पत्र्यावर, दगडावर, भिंतीवर कुठं लागलेलं नव्हतं. लग्नातल्या भांड्यांवर होतं, पण तिथंही पुढं आहेर करणाऱ्याचं नाव जास्त ठळक होतं. दुसऱ्या दिवशी क्रॉसिंगला बसण्याआधी तिनं पाटीला हळदीकुंकू लावलं. रानात नवीन काही आलं की लावायचंच असतं. मोटारीला लावतात, फवारणीच्या पंपाला लावतात, मग ज्याच्यात आपलं नाव आहे त्याला का नाही? तिसऱ्या दिवशीही लावलं. मग तो नेमच झाला. इतर बायाही लावू लागल्या. एकीनं वर झेंडूचं फूल खोचलं.

ऑगस्टच्या अखेरीस सुपरवायझर पुंजाराम तपासणीला आला. पुंजाराम पन्नाशीचा, सरळ माणूस. ज्या अर्थी साहेबानं रानात जा सांगितलंय त्या अर्थी रानात जायचं असतं, अशी त्याची समजूत होती आणि तीस वर्षांत ती कोणी दूर केली नव्हती. त्यानं ओळीनं झाडं बघितली, दोरे बघितले, नर ओळी बघितल्या. मग पाटीपुढं मोबाईल धरला. मोबाईल घुरघुरला आणि गप्प बसला. पाटीवर चौकोन कुठं होता ते सांगता येत नव्हतं. पिवळ्यावर लाल, लालवर पिवळं, वर पावसाचे ओघळ.

पुंजारामनं खिशातून रुमाल काढला. हात वर नेला आणि तिथंच थांबवला.

नंदाबाई बघत होती. "काय करून राह्यले, भाऊ?"

"काय न्हाई, वैनी. जरा... हे पुसावं लागन."

"कुंकू पुसता?"

एवढंच ती म्हणाली. पण बाकीच्या बायांचे हात कळ्यांवर थांबले. सवाष्णीनं लावलेलं कुंकू, तिच्या रानात, तिच्यासमोर, एका परक्या पुरुषानं रुमालानं पुसायचं. आणि त्या कुंकवाचा धनी त्या वेळी जीप घेऊन घाटात. पुंजारामनं रुमालानं स्वतःचं कपाळ पुसलं आणि रुमाल खिशात ठेवला.

सप्टेंबरात तो परत आला. ऑक्टोबरात परत आला. दर वेळी सगळं रान चालला, दर वेळी पाटीपुढं हात जोडल्यासारखा मोबाईल धरून उभा राहिला आणि परत गेला. ऑफिसात त्यानं हे सांगितलं का नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. सांगायचं कुठं? डायरी असती तर दोन ओळी लिहिल्या असत्या. मोबाईलमध्ये कुंकवासाठी रकाना नव्हता.

ऑक्टोबर संपता संपता अरुंधतीच्या कॉम्प्युटरवर प्लॉट क्रमांक ३१२ समोरची ओळ लाल झाली. रद्द. 'प्लॉट क्र. ३१२ चे उत्पादक यांस' असं पत्र निघालं. खाली गिरिधररावांची सही होती. ती त्यांनी बाकीच्या टपालाबरोबर केली होती.

पत्र घेऊन नंदाबाई स्वतः आली. बरोबर कारभारी होता. जीप बाहेर उभी करून, एक पाय ऑफिसात आणि एक कान रस्त्यावर ठेवून.

"साहेब, कापूस फुटून राह्यला," ती गिरिधररावांना म्हणाली. "ह्याच्यात लिवलंय का माल बी म्हनून घ्यायचा न्हाई. काऊन?"

"तपासणी झाली नाही तुमच्या प्लॉटची, बाई."

"झाली की! भाऊ तीन डाव आल्ते. सगळं रान पाह्यलं त्यायनी."

"नोंद नाही."

"मी पाह्यलं ना त्यायला! समद्या बायांनी पाह्यलं."

"बायांनी बघितलेलं कॉम्प्युटर धरत नाही," गिरिधरराव म्हणाले, आणि आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांच्या कानाला जरा उशिरा पोचलं.

कारभारी मधे आला. "साहेब, मंग असं करा ना. माझं जुनं नाव हाय तुमच्याकडं. माल माझ्या नावानं घ्या. जल्दी काम होईन. बी तेच हाय, बायको बी तीच हाय."

"न्हाई," नंदाबाई म्हणाली.

"अगं, घरातच येणार ना!"

"अकरा साल तुमच्या नावानं गेलं. औंदा माझ्या नावानं जाईन, न्हाई तर सरकी म्हनून जाईन. म्हशी खातीन."

कारभारीनं गिरिधररावांकडं अशा नजरेनं बघितलं की दोन नवऱ्यांत आपोआप होते ती बैठक व्हावी. ती झाली नाही. गिरिधररावांनी पुंजारामला बोलावलं. पुंजारामनं उभ्या उभ्या, भिंतीकडं बघत, रुमालाची सगळी हकीकत सांगितली.

अरुंधतीनं ती ऐकली आणि तिनं कपाळाला हात लावला. "काका, मला एक फोन करायचा होता! त्या चौकोनाच्या पाहिजे तेवढ्या प्रती निघतात. दुसरा छापून बाजूला लावला असता."

"दुसरा निघतो?" पुंजाराम म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, गटाच्या दगडावानी हाय. एका रानाला एकच."

तीन वेळा सगळं रान चाललेला माणूस, आणि रद्द झालेलं रान, दोन्ही समोर उभे होते.

नंदाबाई आणि कारभारी गेल्यावर गिरिधरराव अरुंधतीच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. एरवी ते कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून येत. आज काढायच्या राहिल्या.

"ज्यांच्या तपासण्या झाल्या, त्यांच्या नोंदी कशा दिसतात, ते तरी दाखव."

तिनं कचरू सुपरवायझरच्या भागाचं पान काढलं. चौदा प्लॉट, चौदाही हिरवे. गिरिधररावांनी चष्मा वर केला, खाली केला. ऑक्टोबरची सतरा तारीख. पहिला प्लॉट अकरा वाजून दहा मिनिटं. दुसरा अकरा अकरा. तिसरा अकरा बारा. असं करत चौदावा अकरा तेवीस.

"पहिला प्लॉट कुठं आहे?"

"राजूरजवळ."

"आणि दुसरा?"

"भोकरदनच्या पलीकडं," अरुंधती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "एका मिनिटात?"

कचरूला बोलावलं. कचरूनं लपवाछपवी केली नाही; उलट आपली युक्ती कोणी विचारली याचा त्याला आनंद झाला. त्यानं खिशातून घडी केलेला एक कागद काढला. त्याच्यावर चौदा चौकोन ओळीत छापलेले होते, प्रत्येकाखाली गावाचं नाव. जुलैतच, चौकोन रानात लागायच्या आधी, त्यानं सगळ्यांचे फोटो काढून भोकरदनच्या स्टुडिओत एका कागदावर घेतले होते.

"साहेब, चौकोन तर तोच हाय ना? मंग रानात वाचला काय अन् स्टँडवरच्या हॉटेलात वाचला काय, मशीनला बराबर वाटून राह्यलं. पेट्रोलचा खर्चा किती हाय, तुमी बघा ना."

"कचरू, तू रानात गेलास का?"

"दोन-तीन ठिकाणी गेल्तो," कचरू म्हणाला. "जावयाकडं जाताना."

गिरिधररावांनी तो कागद ठेवून घेतला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असं लिहायची पद्धत आहे, पण त्यांना लागली. सकाळी उठल्यावर मात्र चहा समोर असताना ते म्हणाले, "एकतीस सप्टेंबर." पत्नी रजनी म्हणाली, "काय?" ते म्हणाले, "काही नाही." आणि नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास ऑफिसला निघाले.

रामरावांच्या टेबलावर त्यांनी दोन कागद ठेवले. एक कचरूच्या वेळांचा, एक प्लॉट ३१२ चा, जुलैच्या एका नोंदीखाली कोरा.

"साहेब, हे चौदा प्लॉट तेरा मिनिटांत तपासले गेले. ह्यांचा माल आपण घेणार आहोत. आणि हा एक प्लॉट तीन वेळा पायी तपासला गेला. ह्याची सरकी होणार आहे."

रामरावांनी दोन्ही वाचले. बराच वेळ वाचले. एवढं त्यांच्यावर लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे चौदाही रद्द करू म्हणता?"

"नाही. त्या रानांतही बायाच वाकल्या होत्या. त्यांनी काही केलेलं नाही. केलंय ते आपण."

"आपण म्हणजे?"

"मी, साहेब. अठ्ठावीस वर्षं. डायऱ्या तशाच होत्या. मी सह्या केल्या." ते खुर्चीत बसले नव्हते आणि रामरावांनी बसा म्हटलं नव्हतं. "पंधराही प्लॉटची फेरतपासणी करतो. मी स्वतः. प्रत्येक झाड."

"तुम्ही रानात शेवटचे कधी गेला होतात?"

"नऊ वर्षं झाली."

"उद्या पिशवीत भेसळ निघाली आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या, तर मशीनकडं बोट दाखवता येणार नाही, गिरिधरराव. कागदावर तुमचं एकट्याचं नाव असेल. दोन वर्षं राहिलीत तुमची."

"हो."

रामराव खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे वडील हा धंदा सायकलवर करत; ते त्यांना आठवत होतं की नाही, ते त्यांनाच माहीत. "करा," ते म्हणाले. "पण नोंद चौकोन वाचूनच होईल. आणि पानावर जे नाव असेल त्या नावानंच माल आत येईल. हा नियम मी बदलणार नाही."

"नका बदलू," गिरिधरराव म्हणाले.

केदारखेड्याचा कापूस फुटायला लागला होता, म्हणून पहिला नंबर तोच लागला. अरुंधतीनं नवा चौकोन छापून, प्लास्टिकमध्ये घालून दिला. ती स्वतः ऑफिसात कॉम्प्युटरपाशी बसली. पुंजाराम मोटारसायकलवर गिरिधररावांना मागं बसवून घेऊन गेला. दोघं रानात उतरले तेव्हा नऊ वाजले होते.

पहिली दहा झाडं गिरिधररावांनी वाकून बघितली, मग गुडघ्यावर बसून, मग हातांवर टेकून. प्रत्येक बोंडाच्या देठाला लाल दोरा आहे का, एवढंच बघायचं होतं. दोरा नसलेलं बोंड म्हणजे आपोआप धरलेलं. ते कापसात आलं की भेसळ. अशी थोडी चालतात. किती चालतात त्याचा आकडा गिरिधररावांना अठ्ठावीस वर्षं पाठ होता, आणि तो पायांत किती दुखतो ते आज कळत होतं.

नंदाबाई एक ओळ सोडून बरोबर चालत होती. सहाव्या ओळीत त्यांना बिनदोऱ्याचं बोंड सापडलं. त्यांनी ते तिला दाखवलं. तिनं ते तोडून ओच्यात टाकलं आणि ओठ आवळून पुढं झाली. अकराव्या ओळीत दुसरं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग सोळाव्या ओळीत, बांधालगत, एका झाडाला एकदम तीन.

ती तिथंच थांबली. "त्या दिशी पोरीला दवाखान्यात नेल्तं," ती म्हणाली. "सांजच्याला मी नव्हते."

गिरिधररावांनी तिन्ही मांडली. खोटं मांडायला आलेले नव्हते. पाच.

"आनिक निघाले तर?"

"तर मला रद्द करावं लागेल, बाई. ह्या वेळी खरं रद्द."

"करा," ती म्हणाली. "पाहून करा, मंग माझं काही न्हाई."

बाविसावी ओळ संपेपर्यंत ऊन डोक्यावरून पलीकडं गेलं होतं. आणखी दोन निघाली. सात. चालतात त्याच्या आत. गिरिधररावांनी बांधावर बसकण मारली, आणि पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बी आहे."

पुंजारामनं नाकातून मोठा श्वास सोडला. बायांत कुजबुज झाली. नंदाबाई म्हणाली, "नाव?"

जुन्या पाटीला हात न लावता पुंजारामनं शेजारी दुसरा खांब ठोकला आणि नवा चौकोन बांधला. गिरिधररावांनी मोबाईल समोर धरला. घुर्र झालं, टिक झालं, पान उघडलं. मोबाईलला मराठी येत नव्हतं. पान इंग्रजीत होतं. त्यांनी ते वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

उत्पादकाच्या जागी कारभारीचं नाव होतं.

चूक कुठं झाली ते त्यांना तिथंच कळलं. जुलैत अरुंधतीनं यादी मागितली, तेव्हा त्यांनी तिला गेल्या वर्षीचं रजिस्टर दिलं होतं. नंदाबाईचा करार त्या रजिस्टरात चढवायचा राहिला होता. रजिस्टर त्यांच्या अक्षरात होतं.

ते बाजूला गेले, बाभळीखाली, जिथं दोन कांड्या रेंज होती, आणि त्यांनी ऑफिसला फोन लावला.

"अरुंधती, तीनशे बाराचं पान उघड. उत्पादकाचं नाव बदल."

"का? काय आहे तिथं?" मग पलीकडं कळफलक वाजला, तिनं पान उघडलं असावं. "सर, मी त्यांना सांगितलं होतं तुमचंच नाव आहे म्हणून."

"मला माहीत आहे. बदल."

"कराराचा कागद लागेल ना बदलायला?"

"माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे. चार महिने तिथंच आहे. बघून बदल. आणि फेरतपासणीपुढं 'योग्य' टाक."

ते परत आले. कारभारीही आता जीप रस्त्याला लावून येऊन उभा होता. नंदाबाई गिरिधररावांच्या तोंडाकडं बघत होती. मशीन वाचता न येणाऱ्या माणसाला तोंड चांगलं वाचता येतं.

"मघाशी दुसरं नाव व्हतं ना ह्याच्यात?"

रेंज नव्हती, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयारही होतं.

"होतं," गिरिधरराव म्हणाले.

"कोनाचं?"

त्यांनी कारभारीकडं बघितलं. नंदाबाईनंही बघितलं. सगळ्या बायांनी बघितलं. कारभारी दोन पावलं मागं सरकला, जणू त्यानंच रात्री येऊन पाटीत आपलं नाव घातलं होतं.

"चूक आमची आहे," गिरिधरराव म्हणाले. "माझी. रजिस्टर माझं होतं."

नंदाबाई जुन्या पाटीकडं वळली. तिच्यावरचा तीन महिन्यांचा हळदीकुंकवाचा थर वाळून तडकला होता.

"मंजी तीन महिने मी ह्यायचीच पूजा करून राह्यले व्हते," ती म्हणाली.

एक बाई फस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग सगळ्याच हसल्या, पुंजारामसुद्धा. कारभारी कसनुसा हसला. नंदाबाई हसली नाही. बाकीच्यांचं होईपर्यंत ती थांबली.

"आता वाचा," ती म्हणाली.

गिरिधररावांनी मोबाईल परत समोर धरला. चौकोन तोच होता, एक ठिपका इकडचा तिकडं झाला नव्हता. पान उघडायला वेळ लागला. सगळे त्या एवढ्याशा काचेकडं बघत राहिले, आणि काचेत बराच वेळ आभाळच दिसत होतं. मग अक्षरं आली.

"नंदाबाई," त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुढचं नवऱ्याचं नाव आणि आडनावही वाचलं, कारण तेही तिथं होतं. "प्लॉट तीनशे बारा. फेरतपासणी: योग्य."

"पुन्यांदा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

आता कागदावर सह्या व्हायच्या होत्या. रामरावांनी हा एक कागद ठेवला होता. साईटला सगळं कळत असलं तरी बोट दाखवायला माणूस लागतो. गिरिधररावांनी गुडघ्यावर पॅड धरून आपली सही केली. हात ओळीओळीत टेकून टेकून मातीचा झाला होता. सहीखाली अंगठ्याचा डाग पडला. उत्पादकाच्या सहीसाठी त्यांनी पेन पुढं केलं, तशी कारभारीनं अकरा वर्षांच्या सवयीनं हात लांब केला. गिरिधररावांनी पेन त्याच्या हातावरून पलीकडं नेलं.

नंदाबाईनं पदराला हात पुसले. पॅड बांधावर ठेवलं, त्याच्यापुढं मांडी घातली आणि नाव लिहायला घेतलं. वेलांटी द्यायची का काना, असं एका ठिकाणी थांबली. कोणी सांगायला पुढं झालं नाही. पलीकडं रस्त्यावर जीपमधले प्रवासी हॉर्न वाजवू लागले होते. कारभारी तिकडं बघून हात करत होता: थांबा, बाई सही करून राह्यल्या.